हर्निया, माइक आणि कच्चं दूध

३ मार्च, मंगळवार

माइकवरून सांगितलं! बायकोला नाही, डॉक्टरला नाही – थेट माइकवरून. कोपऱ्यावरच्या सभागृहात ह्यांना स्पीकर लावायचे होते. आवाज तपासताना एरवी ‘हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणतात. आज म्हणाले, ‘हॅलो, हॅलो, उद्यापासून मी फक्त कच्च्या दुधावर राहणार आहे.’ मी दुकानात कुणाच्या तरी पॅन्टला झिप बसवत होते. सुई बोटात गेली.

गल्लीभर झालं. आता माघार नाही. ह्यांच्या तोंडून गेलेलं एक वेळ परत येईल, स्पीकरमधून गेलेलं येत नाही.

कारण हर्निया. जांघेत लिंबाएवढी गाठ. तीस वर्षं स्पीकरची खोकी उचलायची म्हणजे दुसरं काय होणार? डॉक्टरीणबाईंनी तेवीस तारीख दिली आहे. साधं ऑपरेशन. पण टाळत बसलात आणि आतडं त्यात अडकलं तर मग साधं राहणार नाही, जिवावर बेतेल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. हे तिथे नंदीबैलासारखी मान हलवून आले. मग मास्तर भेटले.

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून गल्लीला शिकवतात. शिट्टी अजून गळ्यात असते. त्यांचं म्हणणं – कच्चं दूध प्यायचं, दुसऱ्या कशाला शिवायचं नाही, गाठ आपोआप विरघळते. मी विचारलं, उसवलेली पॅन्ट दुधात भिजवली तर शिवली जाते का? हे म्हणाले, तुला जिथे तिथे शिवणच दिसते.

शेवटी तडजोड. बाविसाला गाठ असलीच, तर तेविसाला निमूट दवाखान्यात जायचं. हातावर हात मारून घेतला.

४ मार्च, बुधवार

डॉक्टरीणबाईंना फोन केला. आधी त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग म्हणाल्या, कच्च्या दुधाने जुलाब होतील, ताप येईल, आणि अशा माणसाला भूल देता येत नाही. तारीख हुकली की पुढची कधी मिळेल ते सांगता येत नाही.

फोन ठेवला. दूध गॅसवर ठेवलं.

गोठेवाला पहाटे दाराशी कॅन ठेवून जातो, तेव्हा स्वारी घोरत असते. दुकानाच्या मागे माझी छोटी शेगडी आहे, तिथे उकळलं. बादलीत गार केलं. राहिली साय. स्वयंपाकघरातली गाळणी ओली दिसली असती. म्हणून कोटाच्या अस्तराचा निळा तुकडा धुऊन घेतला, दुहेरी घडी करून त्यातून गाळलं. कडेचे धागे सुटतात, पण काम फक्कड होतं.

मास्तर शिट्टी घेऊन हजर. ह्यांनी पायरीवर बसून पेला हातात घेतला. बराच वेळ पेल्यात टक लावून बघत बसले. मला घाम फुटला. मग एकदम घटाघटा प्यायले, मिशी पुसली आणि म्हणाले, ‘ह्यात जान आहे.’

चव कळते म्हणे! जन्मात कधी कच्चं दूध प्यायलेले नाहीत.

६ मार्च, शुक्रवार

शेजारणीच्या ऑम्लेटचा वास सुटला होता. हे जिन्यात मुक्काम ठोकून. म्हणे बुटाची नाडी बांधत होतो. पायात चपला.

८ मार्च, रविवार

मास्तरांनी जाहीर केलं की ह्यांचं पोट उतरलं. दिवसभर लोकांच्या कमरा मोजते मी. पोट जिथल्या तिथे आहे. उलट बटण जरा तक्रार करतंय.

दुपारी ह्यांची पॅन्ट इस्त्रीला घेतली. सवयीने खिसे उलटे केले. पावाचा चुरा! दोन्ही खिशांत.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमचं मांजर डोळे मिटून पाव खातं. बोलणार कुठल्या तोंडाने? मी दूध उकळते, हे पाव खातात, आणि गल्लीत कच्च्या दुधाचा कडक उपवास चालला आहे.

शिवाय माणूस नुसत्या दुधावर राहून वाळला तर ऑपरेशन कसं सोसेल? कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या वायरींच्या शेजारी, लोणी लावलेला पाव ठेवला.

९ मार्च

पाव गेला. नवा ठेवला.

११ मार्च, बुधवार

पायरीवरच्या कुंडीला मुंग्या लागल्या आहेत. आंबूस वासही येतो. रोपाने मान टाकली. ह्यांना विचारलं. म्हणाले, खत कमी पडत असेल. आणि लगेच आत निघून गेले. कुंडीकडे वळूनही बघितलं नाही.

१४ मार्च, शनिवार

प्रकरण हाताबाहेर चाललंय.

आज वन्सं आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण. सत्तरी उलटली आहे, आणि पोट इतकं नाजूक की दही चाखलं तरी दोन दिवस झोपून. ह्यांच्याकडे बघत बसल्या. ‘अगं, माझ्या भावाच्या चेहऱ्यावर काय तकाकी आलीय!’ लोण्याची तकाकी ती. मी मान खाली घालून काज करत राहिले.

वन्सं पण कच्चं दूध सुरू करणार. गुडघ्यांसाठी. एकट्या नाहीत – मास्तरांनी बाविसाला, रविवारी, सभागृहात कार्यक्रमच ठेवला आहे. ह्यांचं अनुभवकथन, मग सगळ्यांनी मिळून एकेक पेला. गोठेवाल्याला मोठे कॅन सांगून झाले. नावं दिलेल्यांत निम्मे वन्संच्या वयाचे.

मला वाटलं होतं, हे ऐकून हे फुगून जातील. नुसते वायर गुंडाळत बसले.

एका माणसाचं दूध मी चोरून उकळीन. अख्ख्या सभागृहाचं कसं उकळू?

१५ मार्च, रविवार

सरळ सांगून टाकावं, असं सकाळपासून वाटतंय. पण सांगितलं की हे काय म्हणणार ते मला पाठ आहे. म्हणणार – दूध उकळलेलं होतं, म्हणून तर गाठ गेली नाही! प्रयोग फुकट, तडजोड रद्द, उपवास पुन्हा पहिल्यापासून. तेवीस तारीख गेलीच म्हणून समजा.

आणि नाही सांगितलं, तर वन्सं.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

१८ मार्च, बुधवार

वन्संना गोडीगुलाबीने सांगून बघितलं. म्हटलं, वन्सं, तुम्ही आपलं उकळूनच प्या. तर म्हणाल्या, ‘भावाचं बरं झालेलं तुला बघवत नाही का गं?’

खरं काय ते वन्संना सांगणं आणि माइकवर सांगणं एकच.

ह्यांची गाठ रात्री दुखली. मला सांगितलं नाही. पण कुशीवर वळताना श्वास कसा रोखतात ते मला कळतं.

२१ मार्च, शनिवार

आठ पडदे शिवायचे होते. चार उलटे शिवले.

२२ मार्च, रविवार

दमले आहे, पण लिहिते.

सकाळी हे न्हाणीघरातून बाहेर आले. मी विचारलं, आहे? म्हणाले, आहे. मग जरा थांबून, मास्तर म्हणतात काहींना उशिरा गुण येतो. झालं! तिथेच माझं अवसान गळालं.

सभागृह भरलेलं. टेबलावर पेले भरून मांडलेले, मागे दोन कॅन. वन्सं पहिल्या रांगेत, नवी शाल घेऊन. मास्तरांनी ह्यांची ओळख करून दिली – निर्धार, शिस्त, वगैरे. हे उठले, माइकसमोर गेले. तोंड हलतंय, आवाज नाही. टिचकी मारली. नाही. ह्या बटणाशी खुडबूड, त्या बटणाशी खुडबूड. तीस वर्षांत ह्यांचा माइक कधी बंद पडला नाही, आणि आज पडला! लोक चुळबुळ करू लागले. हे वायर चाचपतायत ती चाचपतायत, संपेचना. शेवटी मास्तर कंटाळले. म्हणाले, अनुभव नंतर ऐकू, आधी कृती. शिट्टी वाजवली. सगळ्यांनी पेले उचलले.

वन्संनी पेला ओठाला लावला आणि मी उभी राहिले.

‘वन्सं, खाली ठेवा तो.’

शिवणयंत्राच्या आवाजावर बोलायची सवय आहे मला. माइक लागत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

मग सगळं सांगितलं. शेगडी, बादली, अस्तर – सगळं. ह्यांनी आजवर कच्च्या दुधाचा थेंब घेतलेला नाही, आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही. पावाचं तेवढं सांगितलं नाही. नवऱ्याची अब्रू किती काढायची ह्याला काही मर्यादा आहे.

टाचणी पडली तर ऐकू आली असती. मी शिवणकाम करणारी बाई, टाचण्यांचं मला कळतं. वन्संनी पेला हळूच टेबलावर ठेवला आणि बोटानेच लांब ढकलला. मास्तर लालबुंद. ‘प्रयोग बाद! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू!’

ह्याचीच, अगदी ह्याचीच मला भीती होती. सगळ्या माना ह्यांच्याकडे वळल्या. मी ह्यांच्याकडे बघितलंच नाही, जमिनीकडे बघत राहिले.

हे वायर गुंडाळत म्हणाले, ‘मास्तर, उद्या सकाळी मला दवाखान्यात जायचंय.’

एवढंच. मग वन्संनी विचारलं, चहा मिळेल का? आणि सभा उठली. गोठेवाल्याचे कॅन सभागृहाच्या स्वयंपाकघरात नेले आणि एका झटक्यात सगळं दूध चहाला उकळलं.

खुर्च्या लावताना बघितलं, तर माइकचा प्लग भिंतीतून निघून खाली पडलेला. कुणाचा तरी पाय लागला असेल.

घरी आल्यावर ह्यांनी पिशवी स्वतः भरली. दोन सदरे, टॉवेल, दात घासायचा ब्रश आणि कपाटाच्या खालच्या खणातला पाव. पाव तेवढा मी काढून घेतला. आज रात्री काही खायचं नाही, उद्या पाणीही नाही. ह्यांचा पहिला खराखुरा उपवास.

२३ मार्च, सोमवार

झालं. सुखरूप झालं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, टाके कसले घातले? दाखवा म्हटलं. त्या म्हणाल्या, पट्टी आहे, आणि तुमच्या पसंतीला उतरतील असे आहेत. बघू.

आत नेताना हे मला म्हणाले होते, ‘तू बाहेरच बस. चहाला जाऊ नकोस.’ गेले नाही.

२४ मार्च, मंगळवार

सकाळी परिचारिकेने दुधाचा पेला आणला. हे पेला नाकाशी नेऊन तिला विचारतात, उकळलंय ना? ती म्हणाली, उकळलंय की. खात्रीने? खात्रीने. मग उजेडाकडे धरून आत वाकून बघितलं. मी म्हटलं, आता बरी चौकशी सुचते! तेव्हा नाही सुचली?

‘तेव्हा विचारावं लागायचं नाही,’ हे म्हणाले. ‘पेल्यात निळा धागा असायचा. नसला त्या दिवशी कुंडीत ओतायचो.’