लेकी विरुद्ध सुना

९ नोव्हेंबर, रविवार

'वयनी, तुमी फक्त चायचं बघा.' — पदू, गावच्या मंडळाचा अध्यक्ष! माझ्या अंगणात बसून, माझाच चहा पीत! डोंबल तुझं!

मॅच कोणाची? आमची. गावात बायकांची क्रिकेट मॅच आजवर झालीच नाही. मी कामाला जाते त्या चौकच्या कंपनीने आम्हाला दोन दिवस प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवलं, तेव्हाच ठरवलं की ही आपण घ्यायची, आणि नीट घ्यायची. पहिला धडा स्कोप — काय करायचं आणि काय नाही, ते आधी ठरवा. ठरवलं. १४ डिसेंबर. लेकी विरुद्ध सुना. एकच मॅच. सत्कार नाही, भाषण नाही, ऑर्केस्ट्रा तर नाहीच.

कमलेश हसला. नवरा माझा, मंडळाचा सेक्रेटरी. 'एका मॅचला प्लॅन कसला गं?'

१२ नोव्हेंबर, बुधवार

डिपेंडन्सी — एक झालं नाही की दुसरं अडतं. सोनुकाकीचा भात निघाल्याशिवाय मैदान नाही. काकी माझी चुलत सासू. रस्त्यालगतचं सपाट रान तिचं एकटीचं. तिची लेक संजना, लेकींची कॅप्टन. सुनांची मी.

काकी म्हणालेली, 'पोरींच्या मॅचला दिलं. बांध फोडायचा नाय, सांगून ठेवते.'

आज कापणी उरकली. सुट्टी टाकून मीही विळा घेतला. कंबर गेली, पण पहिला टप्पा, म्हणजे माइलस्टोन, गाठला!

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी रानात गेले तर पदू पावलं टाकत बाउंड्री मोजतोय! 'मैदान बनतंयच वयनी, तर पोरांच्या पन दोन मॅच घेऊ.' संध्याकाळपर्यंत दोन मॅचवरून गोष्ट आठ टीमवर गेली. कशेळ्याची, कोंडाण्याची, कुठकुठची. आयत्या बिळावर नागोबा!

ट्रेनिंगच्या मॅडम बजावत होत्या — काम एकदम फुगत नाही, 'एवढं एक घ्या ना' करत फुगतं. याला स्कोप क्रीप म्हणतात. आमच्याकडे मंडळ म्हणतात.

कमलेश म्हणाला, 'गर्दी जमेल, तुमच्याच मॅचला फायदा.' आणि मला ते खरं वाटलं. बावळट मी!

१९ नोव्हेंबर, बुधवार

काय काय बिघडू शकतं ते आधी काढायचं असतं. रिस्क. मी काढलं होतं — अवेळी पाऊस, बॉल ओढ्यात जाणं, आमच्या टीममधल्या बायजाच्या सासूने ऐन वेळी नाही म्हणणं. नवरा धरायचा राहिला!

माझा तक्ता, कुठलं काम कोणी कधी करायचं त्याचा, याने उचलून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलंय 'आपलं नियोजन'. आपलं! खाली अंगठेच अंगठे.

रात्री वाढलं नाही त्याला. स्वतः घेऊन जेवला. लोणचंही बरोबर सापडलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

मंडळाच्या मीटिंगला बोलावलं नव्हतं. गेले.

आठ टीम, सत्कार, भाषणं, ऑर्केस्ट्रा. एका दिवसात बसेना. मग पदू म्हणतो, 'बायकांची फुडच्या वर्षी घेऊ. निवांत.'

निवांत!! मी कमलेशकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये. मग खालच्या आवाजात, 'अ‍ॅडजस्ट कर ना जरा.'

संजना रोज ओढ्याकाठी बॉलिंग करत होती. तिला सांगितलं तर बॉल उचलून घरी गेली. रडले मी. रागाने रडले, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कामावरून सरळ काकीकडे. ज्याचं काही पणाला लागलंय तो स्टेकहोल्डर, आणि वाईट बातमी त्याला आपल्या तोंडून कळली पाहिजे. निदान एवढं तरी नियमाने करावं.

'पोरी नाय खेळनार?'

'नाही काकी.'

'मग माझं रान कशाला आडवलंय? वाल पेराया जमिनीत ओल अजून हाय. यंदा वाल टाकला नाय मी, तुमच्यापायी.' मग माझ्याकडे वळली. 'तू सांग गं, टाकू का वाल? प्लॅन तुझा हाय.'

उद्या सांगते म्हटलं. वाल पडला की मैदान संपलं. त्यांचं संपेल, पण आमचंही! आज ना उद्या मन वळवीन मंडळाचं, ही आशाही गेली. आणि घरात जे होईल ते वेगळंच. होऊ दे!

२६ नोव्हेंबर, बुधवार

काल काकीला हो म्हणाले मी.

सकाळी काकीने रानात टिलर घातला. मागे आम्ही वाल टाकत गेलो. सगळ्या लेकी, सगळ्या सुना, मॅचसाठी छापून आलेले टी-शर्ट घालून. बायजाची सासूसुद्धा आली. कमलेश रस्त्यावर गाडी लावून नुसता उभा.

पदू बांधावरून ओरडला, 'कोनाला इचारून केलं ह्ये?'

काकीने टिलर बंद केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. 'हिला.'