पत्रिकेवरचा मुहूर्त आणि आपोआप चालणारा मिक्सर

मु. पो. कळंब, ता. आंबेगाव
एप्रिल २००५

प्रिय मेहुणे नवनाथराव यांसी,
भागुजीचा सप्रेम जयभीम.

आपण सर्व तिकडं मुंबईस खुशाल असाल. आपल्या मंडळींची कंबर आता कशी आहे ते कळवणे. इकडं सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमच्या बहिणीचे गुडघे ठीक आहेत. कल्याणीच्या लग्नाची तयारी ठीक आहे. ठीक नाही तो मी, आणि त्याला कारण आपण आहात. रागावून लिहीत नाही. रागवायलाही अंगात काही लागतं, ते उरलेलं नाही. दमून लिहितोय.

तुम्हाला आठवत असेल, कल्याणीची सुपारी फुटली त्या दिवशी रत्ना मला काय म्हणाली ते. "सोताच्या भावाच्या लग्नात तुमी स्पीकरापाशी, भाच्याच्या लग्नात स्पीकरापाशी. आता पोरीच्या लग्नात तरी मानसासारखं मांडवात उभं ऱ्हावा." तिचं खोटं नाही. सायकलीच्या कॅरिअरवर एक कर्णा बांधून मी धंदा सुरू केला, तेव्हापासून एकाही नातलगाच्या लग्नात माझा चेहरा फोटोत आलेला नाही, फार तर कोपर आलं असेल. पण मिक्सर दुसऱ्याच्या हाती द्यायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. (मंचरच्या बाजारात कुणाचा कर्णा फाटलाय हे मी एसटीत बसून सांगतो. असा कान म्हणजे देणगी नव्हे, दुखणं आहे.) यावर तुम्ही तोडगा काढलात. म्हणालात, दाजी, आमच्या स्टुडिओतला जुना डिजिटल मिक्सर निघतोय तो घ्या. तो तुमचा हात लक्षात ठेवतो. एकदा तुम्ही आवाजाच्या खुंट्या वरखाली करून दाखवा, पुढच्या वेळी त्या आपल्या आपण तशाच सरकतील. शिवाय एका वायरीनं सीडी प्लेअर आणि दुसरीनं दिव्यांचा बोर्डही त्याच्या ताब्यात. तुम्ही खुशाल मांडवात उभे राहा.

मला ते पटलं, हीच माझी चूक. मिक्सर आला. पहिल्यांदा चालू केला तेव्हा सगळ्या खुंट्या एकदम सर्रकन वर गेल्या आणि खाली आल्या, आणि रत्ना घराबाहेर जाऊन उभी राहिली. त्याचं पुस्तक सगळं इंग्रजीत. (खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या साहेबांकडं घेऊन गेलो. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, भागुजी, आम्ही आभाळातलं ऐकतो, मांडवातलं नाही. चहा मात्र चांगला दिला.) मग तुम्हीच फोनवर सगळं शिकवलंत. कार्यक्रमाचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याच्या खुंट्या आणि दिवे ठरवून ठेवायचे, आणि घड्याळ लावून द्यायचं. वेळ झाली की पुढचा टप्पा आपोआप. घरच्या लग्नाआधी एखाद्या परक्या लग्नात करून बघा, असंही तुम्हीच म्हणालात.

ते परकं लग्न म्हणजे आमच्या गावच्या संपतरावांच्या मुलाचं. टप्पे मी असे पाडले: आधी सनई, मग आशीर्वादाची भाषणं, मग मंगलाष्टकं (संपतरावांनी पुण्याहून सीडी आणली होती, भटजींचा आवाज बसला होता म्हणून), आणि शेवटी पंगतीची गाणी. आता घड्याळ लावायला वेळ हवी. ती कुठून घेतली? लग्नपत्रिकेवरून घेतली! नवनाथराव, अख्ख्या आंबेगाव तालुक्यात पत्रिकेवरच्या मुहूर्तावर आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही. ज्यानं ती छापली त्यानं नाही, ज्यानं वाटली त्यानं नाही. आणि ज्याचा जन्म मांडवात गेला, त्या मी ठेवला. कारण मशीन विचारत होतं, आणि मशीनला "पाव्हणे जमले की" असं सांगता येत नाही.

मुहूर्ताच्या वेळी परिस्थिती अशी होती. नवरदेव मारुतीच्या देवळापाशी घोड्यावर, पुढं त्याचे दोस्त नाचताहेत. नवरी अजून आरशापुढं. आणि बोहल्यावर माजी सभापती सावळेराम आण्णा उभयतांना आशीर्वाद देताहेत, म्हणजे धरणाच्या पाण्यावर बोलताहेत. शेजारी त्यांच्या सत्काराचा नारळ घेऊन माजी सरपंच प्रयागबाई ताटकळत उभ्या. लोकांच्या मुठीत अक्षता कधीच्या वाटून झालेल्या, घामानं ओल्या झालेल्या. आणि मी, तुमच्या सांगण्यावरून, हात मांडीवर ठेवून बसलेला.

तेवढ्यात आण्णांच्या माईकची खुंटी अलगद खाली आली. आण्णांचं तोंड हलतंय, आवाज नाही. मांडवातले दिवे मंद झाले, बोहल्यावरचे लख्ख झाले, सीडी प्लेअर गुरगुरला आणि मंगलाष्टकं सुरू झाली. मी खुंटी खाली ओढली. ती वर गेली. पुन्हा ओढली, पुन्हा वर. हिच्या आत मोटार आहे हे तुम्ही सांगितलं होतं, पण ती माझ्याशी पंजा लढवील हे नव्हतं सांगितलं. इकडं मागच्या लोकांना नवरानवरी कुठं दिसतात? आपल्याकडं मागचा माणूस कानावर लग्न लावतो. "शुभमंगल सावधान" ऐकलं की हात आपोआप उडतो, त्याला मशीन लागत नाही. मांडवभर अक्षता उडाल्या, आणि सगळ्या आण्णांवर आणि प्रयागबाईंवर पडल्या. आण्णांच्या मंडळी पहिल्या रांगेत शेजारणीशी बोलत बसल्या होत्या. त्यांनीही न बघता टाकल्या.

प्रयागबाईंनी पदरावरचे तांदूळ झटकले आणि माईक नसताना मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आण्णा, आता मी नाव बी घेऊ का?"

पुढचं काय लिहू. मी प्लग शोधेपर्यंत मशीननं शेवटचा टप्पाही धरला. पंगतीची गाणी लागली. लोकांना वाटलं, चला, झालं लग्न. उठले ते थेट पानावर. नवरदेव वाजतगाजत आला तेव्हा मांडवात भटजी, मी आणि रिकाम्या खुर्च्या. पहिली पंगत मठ्ठ्यावर आली होती. खरं लग्न लागताना कुणाच्या मुठीत दाणा नव्हता, शेवटी आचाऱ्याकडून भाताचे तांदूळ आणले. संपतराव भला माणूस, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "भागूशेठ, तुमच्या मशीनला लग्नाची येवढी घाई व्हती, तर त्यालाच बाशिंग बांधायचं राव!"

घरी आलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. रत्ना म्हणाली, "म्हंजी माझ्या पोरीच्या लग्नात नवरदेव यष्टीतनं उतरायच्या आत तुमचं मशीन जयमंगल गाथा उरकून फुलं पाडनार." कल्याणी नुसती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पप्पा, तुमी बसा तुमच्या जुन्या मिक्सरपाशी. मी तिथनंच पाया पडंन." नवनाथराव, मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ ऐकवलं आहे. पण हे वाक्य काही कानातून जात नाही.

तरी आपला मिक्सर आपण येऊन घेऊन जावा. मी तो गोणपाटात बांधून ठेवला आहे. मुलांना आशीर्वाद, थोरांना जयभीम.

आपला दमलेला दाजी,
भागुजी

ता. क. : पत्र टाकायचं राहिलं, एसटी चुकली. दरम्यान मिक्सर गोणपाटातून काढला. नुसती धूळ पुसायला.

ता. क. दुसरा : पुसताना सहज जयमंगल गाथेची कॅसेट लावली आणि नेहमीसारखा हात चालवला. मग कॅसेट मागं घेतली, हात काढला आणि बघत बसलो. मला एक खोड आहे, सूर चढायच्या आधी मी खुंटी केसभर आधीच उचलतो. ती कुणाला शिकवता आली नाही, कुणाच्या ध्यानातही नाही. खुंटी केसभर आधीच उठली. रत्ना चुलीपासून म्हणाली, "आज हात लई बरा चाललाय तुमचा." मी तेव्हा पाणी पीत होतो.

ता. क. तिसरा : तरी मिक्सर न्यायला येऊ नका, लग्नाला या, आणि आदल्या दिवशी या. घड्याळ मी काढून टाकलं आहे. आता प्रत्येक टप्प्याला एक बटण ठेवलंय. भंतेजी बसले की पहिलं, नवरानवरी समोरासमोर उभी राहिली की दुसरं, असं डोळ्यांनी बघून दाबायचं. ते तुम्ही दाबायचं. तुमच्या कानावर माझा भरवसा नाही, बोटावर आहे. खुंट्यांना हात लावू नये, तिथं माझा हात आहे. मी त्या वेळी कल्याणीजवळ उभा असेन.

ता. क. शेवटचा : मुलीचा मामा म्हणून दोन शब्द बोलायची आपली इच्छा रत्नानं कळवली. जरूर बोलावं. मशीनपाशी बसूनच बोलावं. तिथं माईक ठेवलेला नाही.