मामांनी न दिलेला निकाल

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींचा राग कसा आहे? (दोन्ही थंडीत वाढतात, म्हणून विचारलं.) इकडे मी खुशाल होतो, आज दुपारपर्यंत.

तुमच्यासारख्या निवृत्त न्यायाधीशाचा भाचा म्हणून की काय, मला नगरपालिकेच्या निवडणुकीत उमेदवारी अर्जांवरच्या हरकतींचा निकाल द्यायला बसवलंय. सोबतीला कॉम्प्युटरमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक सल्लागार दिलाय. (आमच्या नैसर्गिक बुद्धीचा अनुभव वरच्यांना असावा.) आज एका शिंपीणबाईंच्या अर्जावर हरकत आली, की सूचक म्हणून त्यांच्या दिरानं केलेली सही त्याच्या जुन्या सहीशी जुळत नाही. दिराचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे सही डाव्या हाताची. हे डोळ्यांना दिसत होतं, पण डोळ्यांवर विसंबेल तो अधिकारी कसला! मी सल्लागाराला विचारलं, यावर आमच्या मामांचा एखादा निकाल आहे का? (तुमचं पूर्ण नाव हुद्द्यासकट टाकलं. मिरवायची हौस, दुसरं काय.) यंत्र बिचारं भिडस्त, त्याला नाही म्हणवेना. सही जुळत नसेल तर अर्ज बाद, असा तुमचा खणखणीत निकाल त्यानं हजर केला.

तो मी भरल्या दालनात उभं राहून वाचला, मध्ये दोनदा 'आमचे मामा' म्हणून. शेवटी तारीख आली आणि वाचन तिथंच थांबलं. मामा, ती तुमच्या लग्नाची तारीख! त्या दिवशी तुम्ही कोर्टात कुठले? तुम्ही तर नवरदेव असून लग्नालाही उशिरा आलात. (गाडी बिघडली होती म्हणे.) मी खोकल्याचं सोंग आणून निकाल उद्यावर ढकलला. शिंपीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. दुकान बंद ठेवून सकाळपासून बाकावर बसलेली बाई, आणि मी तिचा अर्ज कधी न झालेल्या निकालावर बाद करायला निघालो होतो. फार लाज वाटली. उद्या सगळ्यांदेखत चूक कबूल करायची, ठरलं.

आपला,
भाचा

ता. क. हरकत घेणाऱ्यांचे वकील संध्याकाळी तुमच्याकडे त्या निकालाची चौकशी करायला येताहेत. "आठवत नाही" एवढंच म्हणाल का? तुमच्या वयाला शोभेल आणि माझी अब्रू राहील. म्हणून तर पत्र ड्रायव्हरबरोबर धाडतोय, सोबत निकालाची प्रतही आहे.

ता. क. दुसरा. ड्रायव्हरचा चहा होईतो दिराला बोलावून समोर डाव्या हातानं सही करायला लावली. तशीच वाकडी, हुबेहूब! उद्या अर्ज मंजूर करतोय. आदेश चार ओळींचा, माझा मीच लिहिलाय. तेव्हा वकिलांना खरं तेच सांगा. फक्त ती प्रत मामींच्या हाती लागू देऊ नका. तुम्ही त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोर्टात होतात असं तीत छापलंय, आणि गाडी बिघडली होती यावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.