समुद्र मिटल्याची तारीख

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर दगडांची पेटी पाठवली आहे. उचलताना कंबर सांभाळ. मागच्या खेपेला तू माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होतास. त्या तुझ्याही आहेत म्हणा!

हे जुन्या ज्वालामुखीचे दगड, अगदी वरच्या थरातले. दोन खंडांमधला समुद्र मिटत होता, त्याचा तळ खंडाखाली सरकत होता, तोवरच काठावरचे ज्वालामुखी पेटते राहिले. म्हणजे शेवटचा लाव्हा कधीचा ते कळलं, की समुद्र कधी मिटला ते कळलं. मी पुस्तकात बेचाळीस कोटी वर्षं लिहून बसलेय आणि एप्रिलच्या परिषदेत तेच बोलायचंय. आकडा आला की लगेच कळव. बाबांना नमस्कार.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझी धाकटी

दि. २६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पेटी पोचली. दगड फोडले, दळले, धुतले. चार दिवस सूक्ष्मदर्शकाखाली मान मोडून झिरकॉन या खनिजाचे एकसष्ट कण सुईने वेचले. यंत्रावर नंबर लागला, की त्यांच्यातल्या किती युरेनियमचं शिसं झालंय ते मोजायचं. त्यावरून वय निघेल.

बाबांनी तुझा पेपरातला फोटो फ्रिजवर लावलाय. येईल त्याला दाखवतात. परवा डॉक्टरांनी विचारलं, मोठी काय करते? बाबा म्हणाले, ती दगड दळते. खोटं कुठे आहे? एमएस्सीला मला तुझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते, हे आता माझ्याशिवाय कुणाला आठवत नाही. आई गेल्यावर कुणीतरी घरी थांबायचं होतं, मी थांबले. असो. बाबांचा खोकला कमी आहे.

तब्येतीला जप.
तुझी ताई

दि. १८ एप्रिल

ताई,

मायना घालत नाही.

परवा भरल्या सभागृहात मी ठासून बेचाळीस कोटी म्हणाले. माझ्यामागून माझे जुने विरोधक उठले आणि त्याच डोंगरावरच्या दगडाचं वय त्यांनी पडद्यावर दाखवलं: एकोणचाळीस कोटी. मी मिटवून टाकलेला समुद्र पुढे तीन कोटी वर्षं उघडाच होता! लोक हसले.

चहाच्या वेळी तुमच्या प्रयोगशाळेतला यंत्रवाला भेटला. हळहळून म्हणाला, ताईंना दहा मार्चलाच एकोणचाळीसचा आकडा दिला होता, त्यांनी कळवलं नाही का? मी म्हटलं, पत्र गहाळ झालं असेल.

झालं का?

दि. २४ एप्रिल

चि. धाकटीस,

पत्र गहाळ झालं नाही. मी लिहिलंच नव्हतं.

आकडा पाहिल्यावर आधी वाटलं, मोजण्यात चूक असेल. पुन्हा मोजून घेतलं. तोच आला. मग मला आनंद झाला, हे लपवत नाही. तो कागद रोज पिशवीतून घरी आणायची आणि रोज परत न्यायची. उद्या लिहू, असं मनाशी म्हणायची. तू एकदा तरी तोंडावर पडावीस आणि मी इथे बसून ते ऐकावं, एवढंच हवं होतं. तुझं पत्र वाचलं आणि तो कागद पिशवीतून काढून या पाकिटात घातला. बाबांना काहीच ठाऊक नाही.

सगळे आकडे आणि उरलेले कण पाठवतेय. माफी मागायला तोंड नाही.

ताई

दि. ६ मे

ती. ताईस,
नमस्कार.

आकडे चोख आहेत. पुस्तकातलं ते प्रकरण मी मागे घेतेय. दुरुस्तीचा लेख लिहिलाय, त्यावर पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. उपकार समजू नकोस, वय तू काढलंस. माफ केलं असंही समजू नकोस. तसं झालं तर मीच कळवीन, महिनाभर दडवून ठेवणार नाही.

एक मीही कधी लिहिलं नव्हतं. फोन केला की बाबा दोन मिनिटांत विचारतात, ताईशी बोलतेस का, देऊ तिच्याकडे फोन? माझ्यासाठी त्यांच्याकडे पाऊसपाण्याखेरीज विषय नसतो. त्या घरातल्या तुझ्या जागेवर मी वीस वर्षं जळतेय.

या सुट्टीत येणार नाही. लेख छापून आला की बाबा विचारतील, मोठीचं नाव आधी कसं? तेव्हा सगळं सांग, काही गाळू नकोस. मी काय लिहिलंय तेही.

लोभाचं पुढे बघू.
धाकटी