गोळी लागू पडली

दि. १७ नोव्हेंबर, रविवार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझी तब्येत उत्तम असेल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. उत्तम नाही हे वहिनीने परवा सांगितलंच. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

मला साखर निघाल्याचं तुला माहीत आहे, पण कशी निघाली ते तू विचारलं नाहीस. कारखान्यात दिवसाला तीनशे शर्ट माझ्या डोळ्यांखालून जातात. उसवलेली शिवण, सुटलेलं काज, काही दिसेना. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, काम करताना झोपता का?" म्हटलं, "हो, तू अंगाई म्हणतोस ना!" पण मुकाट्याने चष्म्याच्या दुकानात गेले. तिथला माणूस म्हणाला, नंबर नंतर काढू, आधी रक्त तपासा. उपाशीपोटी दोनशे अडतीस निघाली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला होती? म्हटलं, वडिलांना. काय औषध घ्यायचे? म्हटलं, आठवत नाही. आठवत नाही कसलं, डोंबल!

त्यांनी दोन वेळा जेवणानंतर एकेक गोळी लिहून दिली. तेवढ्यात तुझा चूर्णाचा डबा आला, वर निरोप: त्या गोळ्या एकदा लागल्या की जन्माला चिकटतात, मूत्रपिंडं खातात. बाबांना सांगितलं होतंस तेच, शब्दाला शब्द. डबा मी कचऱ्यात टाकला. येऊ दे राग.

तरी गोळ्या अकरा दिवस फ्रिजवर तशाच पडून होत्या.

बाबांनी गिऱ्हाइकाला घासून दिलेली चावी कधी परत आली होती का रे? तू त्यांच्या गोळ्या बंद केल्यास आणि वर्षभरात चाव्या परत यायला लागल्या. गिऱ्हाईक दारात उभं, आणि बाबा म्हणायचे, तुमचं कुलूपच बिघडलंय. कानस चावीऐवजी बोटावर फिरायची. शेवटची तीन वर्षं भिंत चाचपत मोरीपर्यंत जायचे.

दादाने बाबांचे डोळे घालवले, हे मी चारचौघांत सांगत आले. तुझ्या तोंडावरही बोलले, त्यांच्या दहाव्याच्या आधीच. आता पुढचं ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

बाबांनी मला चोरून चिठ्ठी दिली होती. म्हणाले, "चिमे, माझ्या गोळ्या आण गं. दादाला कळू देऊ नकोस." मी आणल्या नाहीत. नवऱ्याने टाकल्यावर तुझ्याच घरात राहत होते. तुला कळलं तर तू घराबाहेर काढशील, ही भीती. बाबांना सांगितलं, दुकानात संपल्यात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. चार-पाच वेळा विचारलं त्यांनी, मग विचारणंच सोडलं. त्यांना कळलं होतं, दादा. मला खोटं बोलता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

म्हणून माझ्याच्याने गोळी घेववत नव्हती. लागू पडली तर?

बाराव्या दिवशी घेतली, नोकरी जाईल म्हणून. म्हणजे पुन्हा भीतीच. पहिला आठवडा पोटात नुसती ढवळाढवळ, संडासाच्या फेऱ्या. आणि शप्पथ सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, नाही सोसत, दादाचंच खरं असेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घडी बसेल, सोडू नका. आणि मेली बसली! काल दोन महिन्यांनी रक्त तपासलं, एकशे अठरा. बाई हसून म्हणाल्या, छान. मी तिथेच ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, आनंदाने.

इतकं सोपं होतं रे. एक गोळी आणि घोटभर पाणी.

वहिनी म्हणते, तू रात्री पाच-पाचदा उठतोस, तहान भागत नाही, पायांना मुंग्या येतात, आणि तपासायला चल म्हटलं की अंगावर धावून जातोस. का ते तिला कळत नाही, मला कळतं. चूर्णावर आता तुझाही विश्वास नाही. पण गोळीने बरं वाटलं, तर बाबांची आठवण कुठल्या तोंडाने काढशील? मी काढते आहे. मरत नाही माणूस. चार दिवस घास उतरत नाही, मग उतरतो. निर्लज्ज जात आपली.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, आणि मी माफीही मागत नाही. ज्यांची मागायची ते गेले. पण तुला भिंत चाचपताना मला बघायचं नाही. उद्याच तपासून घे. गोळी सुरू कर. ती लागू पडेल, दादा. त्या दिवशी जे तुला कळेल ते सहन होणार नाही, तेव्हा माझ्याकडे ये. सांत्वन मिळणार नाही. पण दार उघडेन, आणि काय झालं म्हणून विचारणार नाही.

तुझ्याइतकीच दोषी,
चिमी