तिसऱ्या बाकावरची विद्यार्थिनी

सोमवार, ४ मार्च

समस्त मार्करवर्गाचा मी जाहीर निषेध करतो. जाहीर म्हणजे या पानापुरता.

निळा मार्कर आज पुन्हा ऐन वाक्याच्या मध्यात निवर्तला. खडूची जात बरी होती — झिजायची, पण शेवटपर्यंत लिहायची. हा वरून धडधाकट, आतून कोरडा. टोपण कोण लावत नाही, हे संध्याकाळच्या वर्गाचं आद्य गूढ. क्लासच्या मालकीणबाईंकडे नवा मागितला. "सर, जरा हलवून बघा ना." हलवला. विभक्त्या घोटण्यात उमर गेलेला माणूस, हातात मार्कर घेऊन खुळखुळ्यासारखा हलवतोय! शाळेतलं संस्कृत बंद झालं तेव्हापासून मी परदेशी इस्पितळांत नोकरीला निघालेल्या मंडळींना इंग्रजी बोलायला शिकवतो. त्यात खुळखुळाही आला.

मार्करवर एवढं लिहिलं, कारण दुसरं लिहायचं नाहीये.

लिहितो. जेवताना ही म्हणाली, "मीही नाव घातलंय."

कशात?

"तुमच्या वर्गात. उद्यापासून येतेय. आमच्या वॉर्डातल्या चौघी नर्स परदेशी जातायत. दोन वर्षांचा करार आहे. अजून भात वाढू?"

मी हो म्हटलं. भाताला.

मंगळवार, ५ मार्च

बायको तिसऱ्या बाकावर. इस्पितळातून परस्पर आली, केस नीट बांधून, वही, दोन पेनं. आम्ही घरी ठरवलं होतं — वर्गात ती "सर" म्हणणार, मी "तुम्ही" म्हणणार. पहिली पाच मिनिटं निभावली. मग माझा चष्मा टेबलावरून घसरला आणि ही ओरडली, "अहो, चष्मा!"

वर्ग कोसळला. हसण्यात ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आघाडीवर. तो हिच्याच इस्पितळात आहे, त्यालाही परदेशात गाडी चालवायचीय. "सर, आता आम्हीपण अहो म्हणायचं का?"

आजचा विषय गौणत्वसूचक उभयान्वयी अव्ययं. नाव ऐकूनच एका टेक्निशियनला जांभई आली. मी म्हटलं, घाबरू नका. इफ, व्हेन, बिकॉज, ऑल्दो, अनलेस — दोन वाक्यं जोडणारी ही माणसं. फक्त एक सांभाळा. आपल्याकडे ती जोडीनं फिरतात. जर आला की तर आलाच. जेव्हा–तेव्हा. जरी–तरी. संस्कृतातही तेच, यदि–तर्हि, यद्यपि–तथापि. इंग्रजीत मात्र दोघांपैकी एकालाच प्रवेश. 'ऑल्दो' बसला की 'बट'नं बाहेर थांबायचं.

ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे तिकडे बायकोला न्यायचं नाही, असंच ना सर?"

सगळे हसले. ही सर्वांत जास्त हसली.

मी पाणी प्यायलो.

गुरुवार, ७ मार्च

माझी पद्धत जुनी आहे — समस्यापूर्ती! पूर्वी राजसभेत श्लोकाचा एक चरण द्यायचे आणि बाकीचा कवीनं पुरा करायचा. मी वाक्याचं अर्धं देतो, उरलेलं विद्यार्थ्यानं पुरं करायचं. चुकलं तर मी तोंडानं काही सांगत नाही. मार्करनं टेबलावर टकटक. ज्याची चूक त्यानं शोधावी. (वाळलेला मार्कर इथे कामाला येतो. निषेध अंशतः मागे.)

आज दिलं, "व्हेन आय रीच देअर —", तिकडे पोचले की.

एकीनं सांगितलं, आईला फोन करीन. ड्रायव्हर आधी पेट्रोल भरणार. हिची पाळी आली. ही उभी राहिली, खिडकीकडे बघितलं, आणि एकेक शब्द पाय ठेवून बघितल्यासारखा टाकत म्हणाली —

"व्हेन आय रीच देअर, आय विल स्लीप फॉर वन होल डे."

तिकडे पोचले की एक अख्खा दिवस झोपेन.

निर्दोष वाक्य. टकटक करायला जागा नाही. पण लग्नापासून आजपर्यंत ही अख्खा दिवस झोपल्याचं मला आठवत नाही. रात्रपाळी करून यायची, आईचं अंघोळपाणी, माझा डबा, मग दुपारी डोळ्यांवर ओढणी घेऊन तासभर. मी त्याला झोप म्हणत आलो.

शुक्रवार, ८ मार्च

वर्ग नाही. भीती आहे.

रविवार, १० मार्च

आईपाशी विषय काढला. वाटलं होतं, सासू आहे, जरा तरी आडकाठी करील.

"जाऊ दे की तिला."

तुझं कोण करणार?

"माझं? मी माझी न्हाते अजून. पाठ चोळायला बाई लावू. तुझं कोण करणार ते विचारतोयस तू." मग कवळी सारखी करून, "मीठ कुठल्या डब्यात असतं, सांग बघू."

स्वयंपाकघरात जाऊन शोधलं. तीन डबे उघडले, तिन्हींत पांढरं काहीतरी. एक चाखून बघितलं — खायचा सोडा. आई बाहेरून हसत होती. हीही हसत होती. लेकीला फोनवर सांगितलं गेलं, तीही तिकडून हसली. तीन पिढ्या!

मीही हसलो. पण मला खरंच धास्ती बसलीय. डब्यांची नव्हे. ही हसताना फार मोकळी दिसली, त्याची.

मंगळवार, १२ मार्च

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतंय. म्हणजे लिहायलाच हवं.

ऑल्दोचा सराव. सगळे चुकत होते. साहजिकच आहे, जरीनंतर आपली जीभ तरीकडे आपोआप वळते. "ऑल्दो इट इज लेट, बट —" टकटक. "ऑल्दो ही इज सिक, बट —" टकटक. ड्रायव्हर लागोपाठ चुकला. "सर, टेबलाला भोक पडेल." तोही शेवटी सुधारला.

मग ही. "ऑल्दो आय ॲम ओल्ड, बट आय कॅन लर्न."

माझा हात वर गेला होता. मार्कर टेबलापासून बोटभर उंच. ही माझ्याकडे बघत होती, विद्यार्थी बघतात तशी. बरोबर? चूक?

मी मार्कर खाली ठेवला. आवाज न करता.

"व्हेरी गुड. नेक्स्ट."

ही खुलली. बसली. ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. मी फळ्याकडे वळलो आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसला.

का केलं? तिकडच्या नोकरीसाठी शेवटी तोंडी परीक्षा असते, पलीकडे पडद्यावर दोघं बसतात. मालकीणबाई म्हणतात, असल्या चुकांवरच मुलं घसरतात. हे मला त्या क्षणी ठाऊक होतं का? होतं. पूर्ण.

बुधवार, १३ मार्च

ही ओट्याशी उभी राहून पाठ करते. "ऑल्दो द वॉर्ड इज फुल, बट वुई टेक द पेशंट." चाकू थांबतो. "अहो, बरोबर ना?"

बरोबर.

किती सोपा शब्द! उच्चारायला काही लागत नाही. ओठ जुळतात आणि उघडतात.

शनिवार, १६ मार्च

आता मला दोन भीती आहेत आणि त्या एकमेकींचं तोंड बघत नाहीत. एक — ही पास होईल. दुसरी — नापास होईल, आणि का झाली ते तिला कळेल.

आज चहा देताना परत तेच. "ऑल्दो यू आर माय सर, बट यू आर माय हजबंड." आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली. जरा जास्तच वेळ. मी कपात बघत म्हटलं, छान.

"छान काय? बरोबर की चूक ते सांगा."

बरोबर.

"बरं," म्हणाली आणि गेली.

हल्ली ऑल्दोचीच वाक्यं का करते ही? बाकीची अव्ययं काय मेली?

मंगळवार, १९ मार्च

शेवटून दुसरा वर्ग. सर्वांची उजळणी घेतली. हिला बिकॉज दिलं, इफ दिलं, अनलेस दिलं. ऑल्दो दिलं नाही. तेवढी वाट मी टाळून गेलो, जसं कुत्रं बसलेल्या गल्लीतून कोणी जात नाही.

वर्ग सुटल्यावर ड्रायव्हर थांबला. मी टोपणं लावत होतो. म्हणाला, "सर, सिस्टरांची तयारी चांगली झालीय." मग उगाच, "आमच्या इस्पितळात सगळे त्यांनाच विचारतात. पेशंट रडायला लागला की डॉक्टरही त्यांनाच हाक मारतात." त्या बटबद्दल तो चकार शब्द बोलला नाही, याचाच मला घाम फुटला.

गुरुवार, २१ मार्च

ही दोन दिवस धड जेवलेली नाही. "नापास झाले तर वॉर्डात कुठल्या तोंडानं जाऊ? त्या पोरी वीस-बावीसच्या. म्हणतील, सिस्टरबाईंचा नवरा मास्तर असून —" आणि ताट बाजूला सारलं.

आता सांगायचं, असं ठरवून मी उठलो. तिच्या समोर बसलो. म्हटलं, ऐक.

"काय?"

ती बघत होती. वाट बघितल्यासारखी.

म्हटलं, जेव दोन घास.

तिनं मान खाली घातली. भ्याडपणाला संस्कृतात चांगले पाच-सहा शब्द आहेत. सगळे पाठ आहेत मला.

शुक्रवार, २२ मार्च

परीक्षा झाली.

क्लासच्या मागच्या खोलीत एकेकाला बसवलं होतं, समोर पडदा. मध्ये प्लायवूडची भिंत. मला बाहेर खुर्चीवर बसवलं — शांतता राखायला. मी इतका शांत होतो की मालकीणबाईंनी विचारलं, "सर, बरं वाटतंय ना?"

भिंतीतून हिचा आवाज येत होता. नाव, वॉर्ड, किती वर्षं काम केलं. मग पलीकडच्या बाईनं घरच्यांबद्दल विचारलं. ही थांबली. आणि मला ऐकू आलं — "ऑल्दो —"

माझे हात खुर्चीच्या कडेला चिकटले. देवा, आता तो बट. माझा बट. मी पाळलेला, खाऊपिऊ घातलेला.

"ऑल्दो माय हजबंड इज अ टीचर, ही इज स्टिल लर्निंग."

नवरा शिक्षक असला तरी अजून शिकतोच आहे.

बट नाही! स्वच्छ वाक्य. पलीकडची बाई हसल्याचा आवाज आला.

कसं काय? चुकून बरोबर आलं? परीक्षेच्या भीतीनं जीभ सरळ झाली? मला कळेना. कळायचं नव्हतं. बट आला नाही, तेवढं पुरेसं होतं. ही बाहेर आली, पर्स उचलली. म्हणाली, "चला." वाटेत एक शब्द नाही. दमली असेल.

शुक्रवार, २९ मार्च

पास! वर्गात सर्वांत वर. ड्रायव्हरही पास. त्यानं क्लासच्या दारात ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजवून दाखवला, तोंडानं. आईनं हिच्या डोक्यावरून हात फिरवला. लेक फोनवर रडली.

मी नवा मार्कर आणला. स्वतःच्या पैशानं, निळा. वाचलो, असं वाटलं. ही जाणार, ते दुखेलच; पण मी तो बट सोडून दिल्याचं कुणाला कळलं नाही. दोन वर्षं म्हणजे काय, जातील. मीठ कुठं असतं तेही शिकून घेतलं. डावीकडून दुसरा डबा.

रविवार, ३१ मार्च

दुपारी ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दारात उभा. वर न बघता म्हणाली, "ड्रायव्हरनं मला त्या ऑल्दोच्या वर्गाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. सिस्टर, तो बट काढा, सरांनी टकटक करायला हवी होती."

मी खाली पडलेला रुमाल उचलून तिच्यापुढे ठेवला.

"मग घरी मी मुद्दाम चुकत राहिले. रोज. म्हटलं, आज करतील, उद्या करतील." एक साडी हातानं सारखी केली. "नाही केलीत हो तुम्ही."

रडली नाही. रागावलीही नाही. घड्या घालत राहिली.

इतके दिवस मी भीत होतो की ही जाईल. आता संध्याकाळपासून मी स्वतःलाच समस्या घालून बसलोय — शी विल कम बॅक, बिकॉज —

पुढचं अर्धं सुचत नाही. मला फार भीती वाटते.