कुंकू लागलेलं हेलिकॉप्टर

२ जाने., शुक्रवार

आज कापडाचे लूम बंद, म्हणून आमची कामतघरची वस्ती मुकी. शुक्रवारी जाग येते ती या शांततेनंच. ह्यांनाही कारखान्याला सुट्टी, म्हणून कल्याणला मॉडेलच्या दुकानात रिमोटवरचं हेलिकॉप्टर बघायला गेलो. वस्तू मला हवी, आणि दुकानदार बोलतोय ह्यांच्याशी.
"दादा, मुलाचं वय काय?"
मुलाला नाही, मला हवंय म्हटलं. तरी ह्यांच्याकडेच बघून, "मग ताईंना ड्रोन द्या. आपोआप हवेत थांबतो. हेलिकॉप्टरला दोन्ही हात नीट लागतात..." आणि तेवढ्यात त्याची नजर माझ्या डाव्या हातावर. तिथं अंगठा अर्धाच. एकदम गप्प झाला. बोलला त्यापेक्षा ते गप्प होणं जास्त लागलं.
म्हटलं, आपोआप थांबणारं नकोच मला. मला थांबवायचंय.
बाहेर आल्यावर हे म्हणतात, "चिडतेस कशाला? तो तुझ्या चांगल्यासाठीच सांगत होता." माझ्या चांगल्यासाठी सांगणाऱ्यांनीच वीट आणलाय.

३ जाने.

हे खूळ कुठून आलं, असं हे विचारतात. कोनला माहेरी शेजारच्या लग्नात नवरदेव हेलिकॉप्टरनं आला, तिथून. बायका नवऱ्यामुलाला बघत होत्या, मी त्या यंत्राला. उतरायच्या आधी ते शेतावर एका जागी थांबलं. मंडपाचं कापड फाटायला आलेलं, धूळ, पोरांची बोंबाबोंब, आणि ते हवेत तसंच. पायाखाली काही नाही तरी जागचं हलत नाही.
मला तसं करता यायला हवं, एवढंच वाटलं. मी कामाला जाते त्या गोडाऊनमधल्या, खोक्यांना पट्टी मारायच्या मशीननं अंगठा घेतला त्यानंतर पहिल्यांदाच काहीतरी मनापासून हवंसं वाटलं. आधी मी परत आलेल्या मालाच्या टेबलावर होते. खोके उघडायचे, माल तपासायचा, घ्यायचा की नाकारायचा ते ठरवायचं. आता गेटवर बसून लोकांचे पास बघते. घरी तर हातातला चहाचा कपसुद्धा काढून घेतात. "राहू दे, तुझ्याच्यानं नाही होणार."
बघू कुणाच्यानं काय होतं ते.

५ जाने.

जेवणाच्या सुट्टीत रुखसानाबरोबर मोबाइलवर हे.कॉ. बघितली. (एवढं मोठं नाव रोज कोण लिहीत बसणार.) मी गेटवर गेल्यापासून माझं टेबल तीच सांभाळते.
एकावर एक दोन पंखेवालं आहे, सोपं, खोलीत उडवायचं. नको. खेळण्यातलं वाटतं. मोठं, पात्यांचा कोन बदलणारं, तेही नको. पहिल्याच दिवशी कुणाचं तरी डोकं फुटेल, आणि मग आयुष्यभर ऐकावं लागेल. मधलं घ्यायचं: वर एक पंखा, शेपटीला एक छोटा, दोन्ही हातांनी सांभाळायचं. त्यात रिमोटच्या डाव्या काडीनं वर-खाली. म्हणजे नेमका माझा मोडका हात.
एक वेगळा रिमोटही मिळतो, त्यात वर-खाली उजव्या हाताला. रुखसाना म्हणाली, "वो ले ले ना, आसान पड़ेगा."
नाही घेतला. सगळे जो वापरतात तोच. जादा पाती आणि दुसरी बॅटरी मात्र बरोबर मागवली. जिद्द आहे, पण अक्कल गहाण टाकलेली नाही.

८ जाने.

आलं. खोकं मीच उघडलं, दातांनी नाही, हातांनी. हे नुसते बघत होते.
मग मुद्द्यावर आले. "दहा दिवसांत परत करता येतं ना? पुढच्या शुक्रवारपर्यंत बघ. नाही उडालं तर परत पाठवू."
रागात बोलून गेले, नाही उडालं तर मी स्वतः पॅक करून देईन. हे लगेच "ठरलं" म्हणाले. जीभ माझीच, कुणाला दोष देऊ?

९ जाने., शुक्र.

दिवसभर जुळवाजुळव. रिमोट अंगठ्यांनी चालवतात. माझ्या अर्ध्या अंगठ्याखाली काडी टिकत नाही. मग मोबाइलवर बघितलं की काहीजण रिमोट गळ्यात अडकवून काडी चिमटीत धरतात. गोडाऊनच्या ओळखपत्राचा पट्टा काढला, रिमोटला बांधला. रोज जो गळ्यात घालून गेटवर बसते तोच. काडीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढून बसवला. तर्जनी आणि अंगठ्याचा खुंट, मध्ये काडी. बसते. घाम आला की सरकते. बघू.
शिकणाऱ्यानं हे.कॉ. कलंडू नये म्हणून खाली लांब पाय लावायचे असतात. सासूबाईंच्या खराट्यातल्या काड्या घेतल्या, टोकांना प्लास्टिकचे चेंडू. हलकं आणि चिवट काम झालं.
आईंनी (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो) बघितलं. "माझा खराटा भुंडा केलास! अंगण काय आता त्या इमानानं झाडू?"
विमान नाही, हेलिकॉप्टर, म्हटलं. "तेच ते. उडतं का?"
अजून नाही म्हटलं. "मग खराटाच बरा व्हता," म्हणाल्या.

११ जाने.

ड्युटीवरून आले तर हे.कॉ. देवासमोर पाटावर. अंगावर हळदकुंकू, पुढं नारळ फोडलेला. आमच्याकडे मिक्सर आला तरी पूजा, ह्यांच्या कारखान्यात नवा लूम आला तरी पूजा. पण निदान मला विचारायचं! पातळ कालवलेलं कुंकू, त्यात अक्षता, सगळं वाळून कडक झालेलं.
काचेवरचं पुसलं तर लालसर डाग राहिलाच. पात्याच्या टोकावरचं पुसायला गेले तशा आई कडाडल्या, "तेवढं राहू दे! द्येवाचं हाय!"
राहू दिलं. एका ठिपक्यावरून भांडण कोण करणार.

१४ जाने.

संक्रांत. गच्चीवर जागा नाही, पोरांचा मांजा सगळीकडे. शेपटीच्या पंख्यात गुंतला तर खेळ खलास. म्हणून जिन्याखाली चालू करून बघितलं. उडवायचं नव्हतं, नुसतं फिरवायचं.
थंडी-ताप भरल्यासारखं थडथडायला लागलं. फरशीवर नाचत भिंतीपर्यंत गेलं. बंद केलं.
हे हळूच म्हणाले, "तुझा हात थरथरतोय गं."
तिळगूळ घेतला नाही मी ह्यांच्या हातचा. आत जाऊन हात समोर धरून बघत बसले. थरथरतोय का? बघत राहिलं की कुणाचाही थरथरतो. खरं सांगायचं तर घाबरले. वाटलं, सगळे खरंच बोलत असतील तर?

१५ जाने.

सकाळी डोकं ताळ्यावर आलं. रिमोट जमिनीवर ठेवला, काडी एका बोटानं थोडी सरकवली आणि हात काढून घेतला. तरी तस्संच थडथडतंय! म्हणजे माझा हात नाही. नाही!! ह्यांना उठवून दाखवलं. हे म्हणतात, "मग माल खराब आहे. परत कर."
पण खराब कुठं, ते तर कळू दे. पाती काढली, एका पट्टीवर आडवी बसवली आणि मधोमध दोऱ्यानं टांगली, तराजूसारखी. एक बाजू खाली गेली. त्या बाजूला टोकावर आईंचं कुंकू, आणि त्यात घट्ट चिकटलेला तांदळाचा दाणा. एवढ्याशा दाण्यानं सगळं यंत्र हलवलं.
गेटवरून रुखसानाला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "अब वापस भी नहीं होगा. कुंकू लगा हुआ माल तू ही तो रिजेक्ट करती थी!"
खरंच की. दसऱ्यानंतर किती यायचा तसला माल. पूजा केलेले फ्रिज, हार घातलेले टीव्ही. मीच शिक्का मारायचे, वापरलेला माल, परत नाही. घरी येऊन हसत सांगायचे.
घरी कुणाला सांगायचे? आईंना.
संध्याकाळी विचारलं, कुंकू लागलेला माल परत जात नाही, माहीत होतं का? आई शेंगा सोलत होत्या, मान वर केली नाही. "मला ठावं हाय. फ्रिजचं तूच सांगितलंवतंस."
मुद्दाम केलंत?
"माझ्या ल्येकाला घाई हाय वस्तू परत द्यायची. माझी म्हायेराहून, अकलोलीहून आलेली शिलाई मशीन अशीच परत गेलीवती, बायला काय जमनार म्हनून. मी काय बोलले नव्हते तवा." मग शेंग माझ्याकडे टाकली. "सोल. बसून काय राह्यलीस?"
डाव्या हातानं सोलली. त्यांनी काढून घेतली नाही.
दुसऱ्या पात्यालाही तेवढंच कुंकू लावलं, दाण्यासकट. टांगून बघितलं. समपातळी.

१६ जाने., शुक्र.

कोनला, माझ्या दादाच्या खळ्यावर, आईही बरोबर. आजूबाजूला सगळी गोडाऊनं झालीत, दादाचंच शेत राहिलंय. भात झोडून झालेलं, खळं शेणानं सारवलेलं, गुळगुळीत. कुंकवामुळे आता परत करता येत नाही, म्हणून हे फुगलेले. "नाही उडालं तर माळ्यावर टाकीन," म्हणाले.
पट्टा गळ्यात. काडी चिमटीत. हळूहळू वर. थडथड नाही! आधी पाय हलके झाले, मग चेंडू सुटले जमिनीपासून. वीतभर असेल. पण उडालं. उडालं!
वहिनी "अगो बाई" म्हणाल्या, आणि माझी बोटं घामानं सरकली. ते तिरकं झालं आणि पेंढ्याच्या उडवीत घुसलं. यात कुंकवाचा दोष नाही. या वेळी हातच सुटला. ते मी इथं लिहिते, पण ह्यांना सांगणार नाही.
मोडलं काही नव्हतं. पण दादा आला, "दे इकडं. तुला न्हाय झेपनार. मी दावतो." रिमोट हिसकावूनच घेतला. काडी भसकन् वर. हे.कॉ. उसळलं, उलटं झालं, खळ्यावर आपटलं. दोन्ही पात्यांचे तुकडे.
दोन अख्खे अंगठे आहेत दादाला. मोठ्यानंच म्हटलं. कुणी हसलं नाही, आई सोडून.
परतताना रिक्षात हे म्हणाले, "बास आता. माळ्यावर."
नवी पाती आहेत माझ्याकडे, म्हटलं. आणि माळ्यावर चढायचं तर शिडी मला विचारून घ्या.

१९ जाने.

नवी पाती बसवली. स्क्रू एवढुसा, दोनदा पडला, शेजारच्या लूममधून उडून आलेल्या रुईत हरवला. फुंकून फुंकून शोधला. कुणाला हाक मारली नाही. शेपटीच्या पंख्यातूनही रुई काढली, सुईनं.
घाम हीच अडचण. ट्यूब नको, दुसरं काहीतरी हवं.

२१ जाने.

सकाळी रिमोटशेजारी एक चामड्याचं टोपण. लूमच्या जुन्या पट्ट्यातून कापलेलं, आतून खरखरीत, काडीवर बसेल असं. ह्यांचं काम, टाका ओळखते मी. स्वतः मात्र पेपरात तोंड खुपसून.
बसवून बघितलं. मोठं होतं, ह्यांनी अख्ख्या अंगठ्याच्या मापाचं केलं होतं. ब्लेडनं कापून माझ्या खुंटाच्या मापाचं केलं. हे बघत होते पेपराच्या कडेवरून. "चांगलं कापलंस," म्हणाले. आता कौतुक केलं म्हणून मी विरघळणार नाही. पण चहा दिला, कप डाव्या हातानं. त्यांनी घेतला.

२३ जाने., शुक्र., सकाळी

लूम बंद. बॅटऱ्या भरल्या. हे म्हणाले, मी काही येणार नाही. आणि गेला अर्धा तास गाडी पुसतायत.
दादाचा फोन, "आज वारा हाय खळ्यावर. नगं येऊस." येणार म्हटलं. "मी धरतो रिमोट, तू नुसतं सांग." फोन ठेवला.
भीती वाटते का? वाटते. पुन्हा हात सुटला तर या वेळी दोष टाकायला ना कुंकू, ना घाम, ना दादा. सगळ्यांसमोर ते "नाही होणार" खरं ठरेल. आणि मला ते खरं नकोय. पण गेले नाही तर ते आपसूकच खरं ठरतं.
आई पाटावर बसल्यात, वाटीत कुंकू. आज मीच नेऊन दिलं पुढ्यात. एका पात्याला ठिपका, दुसऱ्याला तेवढाच. अक्षता नाहीत, शिकल्या त्या. मी दोऱ्यानं टांगून धरलं, दोघी बघत बसलो, कुठली बाजू झुकते का.
झुकली नाही.
पडलं तर, म्हटलं मी.
"पडू दे," आई म्हणाल्या, बोटं पदराला पुसत. "आता परत घेनारं कुनी न्हाय त्याला. तुझंच हाय."
पट्टा गळ्यात घातलाय. निघते.